१६८ ची नोटीस माझ्याच दुकानात छापली. सही करू का? आणि उधारी कोणाकडे मागू?

झेरॉक्सवाला

नमस्कार मंडळी. जिल्हा नाशिक. तालुका सांगत नाही, सांगितला तर आमचे गोपनीयवाले भाऊ मला ओळखतील. तसे ओळखतातच, तीच तर अडचण आहे.

बाजार समितीच्या गेटासमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, ई-केवायसी, पीक विमा, पासपोर्ट फोटो. परवा संध्याकाळी सहाच्या सुमारास गोपनीयवाले भाऊ आले. शहरातल्या लोकांसाठी सांगतो, पोलीस ठाण्यात गोपनीयचं काम बघणारा एक अंमलदार असतो. साध्या कपड्यात फिरायचं, गावात काय शिजतंय ते साहेबांच्या कानावर घालायचं. आमचे भाऊ इतके गोपनीय आहेत की टपरीवाला लांबून बुलेट दिसली की ओरडतो, "एक गोपनीय, बिनसाखरेचा!"

तर भाऊ म्हणाले, "शेठ, ठाण्याच्या प्रिंटरची शाई संपली. एवढं मारून द्या. तेवीस जणं, दोन-दोन प्रती." गिऱ्हाइकाचा कागद वाचायचा नाही हा आमच्या धंद्याचा नियम. पण काचेवर कागद सरळ ठेवताना डोळे काही मिटता येत नाहीत. "भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम १६८ प्रमाणे नोटीस." नावाची जागा कोरी, हाताने भरायची. येत्या शुक्रवारी मंत्रीमहोदय नव्या शेडच्या उद्घाटनाला येणार, त्या वेळी "आपण व आपले कार्यकर्ते" यांनी काही केल्यास "सदरची नोटीस आपणाविरुद्ध पुरावा म्हणून ग्राह्य धरण्यात येईल."

छेचाळीस प्रती काढल्या. मग भाऊंनी खिशातून यादी काढली. "हिची पण एक काढा," म्हणाले आणि लगेच हात मागे घेतला. "नको, ही राहू द्या." पण तेवढ्यात मला सतरा नंबर दिसला होता. माझं नाव, वडिलांचं नाव, मोबाईल नंबर आणि शेरा: "घोषणाबाजी करणारा."

झाले ९२ रुपये. "लिहून ठेवा," म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तेच भाऊ तीच नोटीस घेऊन हजर. खात्री कशी पटली विचारा. माझ्या मशीनच्या ड्रमला ओरखडा आहे, त्यामुळे प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला केसासारखी काळी रेघ येते. रेघ जागेवर होती. मला दुकानाच्या पाटीखाली उभं केलं, हातात कागद दिला, जीपीएस मॅप कॅमेरा उघडला. "शेठ, हसू नका. साहेबांना पाठवायचाय."

आता मी घोषणाबाजी कधी केली? डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ८ तारखेला. त्यानंतर महामार्गावर रास्ता रोको झाला. मी टोनर आणायला गेलो होतो, येताना गर्दीत अडकलो. मोटारसायकलवर दोन तास, मांडीवर टोनरचा खोका. कोणीतरी फोटो काढला, त्यात मी सगळ्यांत पुढे, तोंड आ वासलेलं. जांभई होती हो ती! मे २०२४ मध्ये बंदी उठली, १ एप्रिल २०२५ पासून निर्यात शुल्कही गेलं, माझी जांभई मात्र अजून रेकॉर्डवर आहे.

सही अजून केली नाही, "चष्मा घरी आहे" म्हणून वेळ मारून नेली. भाऊ संध्याकाळी पुन्हा येणार आहेत. शिवाय म्हणाले, मोबाईल दाखवा, कांदा उत्पादकांच्या ग्रुपवर काय चाललंय बघू. ते स्वतः त्या ग्रुपमध्ये होते, पण रोज पहाटे पाचला फुलांचे गुड मॉर्निंग टाकायचे म्हणून अॅडमिनने काढलं. आमचा मेव्हणा सांगतो की तुझा फोन टॅप आहे, बोलताना टुकटुक आवाज येतो. आणि "माझे कार्यकर्ते" म्हणजे दुकानात एक पोरगं आहे, त्याला वडापावच्या पलीकडे कसलीच विचारधारा नाही. त्यालाही आवरायचं का?

सही करू का? फोन देऊ का? आणि ते ९२ रुपये मागायचे तर कोणाकडे, भाऊंकडे की गृह खात्याकडे?

निवृत्त_हवालदार

भाऊ, चौतीस वर्षं खाकीत काढली, त्यातली नऊ गोपनीयला. तुमच्या अंमलदाराची चूक एकच, यादी दुकानात आणली. नोटिशीच्या झेरॉक्स आम्हीही बाहेरच काढायचो, त्याही बऱ्याचदा उधारीवर.

यादी कशी होते ते सांगतो, म्हणजे मनावर घेणार नाही. दौरा ठरला की वरून विचारणा येते, प्रतिबंधक कारवाई किती? आकडा हवा असतो. "निरंक" लिहून पाठवलं तर साहेब म्हणतात, तुमच्या हद्दीत रामराज्य आलं काय? मग मागच्या बंदोबस्ताची फाईल उघडायची, जुनी यादी उतरवायची, खाली दोन नवी नावं जोडायची. नाव काढायच्या भानगडीत कोणी पडत नाही. समजा तुमचं काढलं आणि नेमका तुम्हीच काळा झेंडा दाखवला, तर चौकशी काढणाऱ्याची लागते. ठेवलं आणि तुम्ही दिवसभर झेरॉक्स काढत बसलात, तर अहवालात लिहिता येतं की नोटिशीचा योग्य परिणाम झाला. दोन्हीकडून आमचंच बरोबर.

एकदा मी एका जुन्या कामगार पुढाऱ्याच्या घरी नोटीस घेऊन गेलो. दारात म्हातारी. म्हटलं, बाबा कुठायत? तिने भिंतीकडे बोट केलं. फोटोला हार. जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि तीन वर्षं आमच्या यादीत ते "सक्रिय" होते. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोललो. तर ती म्हणाली, "द्या इकडं, अंगठा करते. पार्टीवाले विसरले, तुम्ही तरी येता." अहवालात मी लिहिलं: नोटीस कुटुंबीयांस बजावली, सदर इसम शांत आहे.

टुकटुकीचं म्हणाल तर तो नेटवर्कचा गुण. फोन ऐकायचा तर कायद्याने गृह सचिवांचा आदेश लागतो, साठ दिवसांचा, वाढवून वाढवून जास्तीत जास्त एकशे ऐंशी. तुमच्या जांभईसाठी मंत्रालयात फाईल कोण घेऊन जातो? आमच्या साहेबांचा रजेचा अर्ज पुढे सरकत नव्हता! गावातली बातमी काढायला फोन लागत नाही, न्हाव्याच्या दुकानात अर्धा तास पेपर वाचत बसलं की पुरतं.

सासरे_काठीवाले

तुम्हाला १६८ चं कौतुक, आमच्याकडे ३७ (१)(३) बारमाही असतं. मूळ महाराष्ट्र पोलीस अधिनियम वाचा, मजा येते. या कलमाखाली काठ्या, सोटे, भाले बाळगायला बंदी घालता येते, दगड गोळा करायला बंदी घालता येते आणि जाहीरपणे गाणी म्हणायला नि वाद्यं वाजवायलाही. जमावबंदी पंधरा दिवसांच्या पुढे न्यायची तर सरकारची मंजुरी लागते, म्हणून पंधरवडा संपला की नवा आदेश येतो, चतुर्थीसारखा. आमचे सासरे रोज काठी टेकत, अभंग म्हणत देवळात जातात. दोन गुन्हे तर रस्त्यातच झाले. वाटेत मुतखड्याचे रिपोर्ट दाखवतात, तो तिसरा धरायचा का?

वकीलताई_सातारा

झेरॉक्सवाले दादा, आधी सहीचं. सही म्हणजे कागद मिळाला एवढंच. "मिळाली, मजकूर मान्य नाही" असं लिहा, खाली तारीख आणि वेळ घाला, दुसरी प्रत ठेवून घ्या. न्यायालयात नोटिशीपेक्षा ते एक वाक्य जास्त उपयोगी पडतं.

आता गंमत बघा. ते १६८ कलम (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, म्हणजे सीआरपीसीत, १४९ होतं, १ जुलै २०२४ पासून नंबर बदलला) एवढंच सांगतं की दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून प्रत्येक पोलीस अधिकारी मध्ये पडू शकतो आणि त्याने होईल तितका तो रोखायचा. म्हणजे कलम पोलिसाला उद्देशून आहे. "तू काम कर" असं कायद्याने पोलिसाला सांगितलं, आणि त्याने तोच कागद तुमच्या हातात दिला! या कलमात तुमच्यासाठी शिक्षा नाही, दंड नाही. खरा दात १७० ला आहे, त्याखाली पोलीस आधीच अटक करू शकतात. पण तिथेही तुम्ही दखलपात्र गुन्ह्याचा बेत करताय हे त्यांना माहीत असावं लागतं, अटकेशिवाय तो रोखता येणार नाही असं दिसावं लागतं, आणि दुसऱ्या कुठल्या कायद्याचा आधार नसेल तर चोवीस तासांपुढे ठेवता येत नाही. जांभईचा बेत आधी करता येत नाही, हा युक्तिवाद मी फुकट करून देईन.

फोन द्यायचा नाही. १६८ च्या नोटिशीने फोन उघडून बघायचा अधिकार मिळत नाही. तपास चालू असेल, गुन्हा नोंद असेल, तर त्याचे वेगळे रस्ते आहेत, लेखी आदेश आहेत. "जरा दाखवा" हे कलम कुठल्याच संहितेत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबादेत पोलीस रस्त्यात लोकांना थांबवून चॅटमध्ये "गांजा" शब्द शोधत होते, त्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरले. आपल्याकडे "कांदा" शोधला तर अख्खा नाशिक जिल्हा आत जाईल.

हवालदारसाहेबांची म्हातारी वाचून मला खडक सिंग आठवला. उत्तर प्रदेशातला माणूस. १९४१ मध्ये दरोड्याच्या प्रकरणात पकडला, पुरावा नाही म्हणून सोडला. सोडला खरा, पण ठाण्यात त्याच्या नावाचं हिस्ट्रीशीट, म्हणजे संशयिताचं पान, उघडलं. मग रात्री-अपरात्री चौकीदार नि शिपाई दारावर थापा मारणार, ओरडून उठवणार, घरात आहे का बघणार. परगावी निघाला की कुठे जातोय नि कधी परतणार ते चौकीदाराला सांगायचं, आणि पोचेल तिथल्या पोलीस ठाण्याला खबर जायची. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं १८ डिसेंबर १९६२ ला. न्यायालयाने रात्रीची घरभेट रद्द केली. बाकी पाळत मात्र बहुमताने चालू ठेवली, कारण खाजगीपणाचा हक्क घटनेत दिलेला नाही असं त्यांचं म्हणणं पडलं. न्या. सुब्बा राव यांनी त्याच वेळी वेगळं मत लिहिलं की नजरेच्या सावलीत फिरणाऱ्या माणसाला मोकळा म्हणता येत नाही. ते बहुमत उलटायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. नऊ न्यायाधीश, एकमत, खाजगीपणा हा मूलभूत हक्क. आणि तो खटला कशावरून? तुम्ही दिवसभर ज्याच्या झेरॉक्स काढता त्या आधारवरून. याचिका करणारे पुट्टस्वामी हे स्वतः उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. त्यांना नऊ जणांसमोर जावं लागलं, तुम्हाला एका गोपनीयसमोर. हिंमत ठेवा.

नाव कशावरून घातलं ते माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तर बहुधा "देता येत नाही" असं येईल, पण तेही लेखी येईल.

कसब्यातला_काका

खेड्यात निदान माणूस येतो, चहा पितो. आमच्या सोसायटीला बैठकीत सांगण्यात आलं की दोन कॅमेरे रस्त्याच्या बाजूला लावा, पोलिसांना मदत होते. खर्च कोणाचा? मेंटेनन्समधून! पुणेकराला यात नवीन काही नाही म्हणा. १८९७ साली प्लेगात सोजीर घराघरांत घुसले, २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, आणि त्यानंतर सरकारने पुण्यावर जादा पोलीस बसवले. त्यांचा खर्च? पुणेकरांच्याच माथी. आपल्यावर नजर ठेवायची वर्गणी आपणच भरायची ही प्रथा गणेशोत्सवाइतकी जुनी आहे.

तर मार्चमध्ये माझी स्कूटर चोरीला गेली. कॅमेऱ्यात दिसली! चोराची पाठ, हेल्मेट आणि माझ्याच डिकीतली मंडईची पिशवी, तिच्यातून कोथिंबीर बाहेर आलेली. चौकीत म्हणाले, फुटेज घेऊन या. नेलं. तर म्हणे पेन ड्राइव्ह परत मिळणार नाही, मुद्देमालात जमा होईल. त्यात नातवाच्या मुंजीचे फोटो होते. आता स्कूटर नाही, मुंज पोलिसांकडे.

मोठी पाळत वेगळीच असते, ती आपल्या वाट्याला येत नाही. पेगॅसस या फोनमध्ये चोरून घुसणाऱ्या सॉफ्टवेअरची बोंब झाली त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत काहीतरी घुसखोर सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगॅससच का हे सिद्ध झालं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही असं समितीनेच न्यायालयाला सांगितलं. आणि नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस सरकारचं संचार साथी अॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालून द्यायचा हुकूम निघाला, डिसेंबरात बातमी फुटली, दोन-तीन दिवस ओरड झाली, हुकूम मागे! मला वाईट वाटलं. आमच्या हिला गॅसची पावती कुठे ठेवली ते सापडत नाही, कोणीतरी नजर ठेवून असता तर बरं.

झेरॉक्सवाला

सगळ्यांचे आभार. काल शुक्रवार होता, झालं ते लिहितो.

वकीलताईंचं वाक्य लिहून सही केली. भाऊंनी वाचलं, मान डोलावली. "हे बरंय. बाकीच्यांना पण सांगतो, कोणी सही करेना." म्हणजे ताई, तालुक्यात आता तुमचा मसुदा चालू आहे. फोन दिला नाही. त्यांनीही आग्रह धरला नाही, फक्त म्हणाले, "अॅडमिनला सांगा ना, मला परत घ्यायला. फुलं नाही टाकणार."

शुक्रवारी सकाळी सातला शटर उघडलं तर भाऊ पायरीवर. "वरून आदेश आहे, यादीतल्या माणसांवर लक्ष ठेवायचं. बावीस जणं पांगलेत. तुम्ही एकाच जागी बसता, म्हणून तुमच्यापासून सुरुवात केली." सुरुवात केली ती संपलीच नाही. पंखा माझ्याकडेच आहे. स्टुलावर बसले, जीपीएसचा फोटो काढला, साडेआठला पुन्हा काढला, कारण पहिल्यात माझा डोळा मिटलेला होता.

दहा वाजता ई-केवायसीची रांग लागली, सर्व्हर बसला, लोक कावले. एक आजोबा तावातावाने म्हणाले, "हे सरकारच बंद करा!" मी भाऊंकडे बघितलं, भाऊ छताकडे बघत होते. मग उठले आणि रांग लावून दिली. "आधार कार्ड हातात काढून ठेवा, अंगठा पुसून या, मशीनला घाम चालत नाही." माझ्या पोराला दोन वर्षांत जे जमलं नाही ते त्यांनी पाऊण तासात केलं. एका बाईचा अंगठा उमटत नव्हता, धुणीभांडी करून रेषाच गेलेल्या. भाऊंनी तिला पाचही बोटं एकेक करून लावायला सांगितलं, तर्जनी लागली. बाईने त्यांनाच पैसे दिले, त्यांनी ते गल्ल्यात टाकले. दुपारी आमचं पोरगं दोघांसाठी वडापाव घेऊन आलं. म्हणजे माझे कार्यकर्ते आणि त्यांचा बंदोबस्त एकत्रच जेवले.

साडेतीनला भाऊंचा फोन वाजला. मंत्रीमहोदयांचा दौरा रद्द, काही अपरिहार्य कारण. शेडला बांधलेल्या फिती तशाच. भाऊंनी शेवटचा फोटो काढला, या वेळी मला हसायची परवानगी होती. मी विचारलं, आता यादीतून नाव निघेल का? म्हणाले, "काही केलं नाहीत ना तुम्ही? मग कशाला निघतंय, चांगलं चाललंय की."

आणि उधारी. मी लाजत लाजत वहीचं पान दाखवलं. भाऊंनी स्कॅनरवर मोबाईल धरला, आवाज आला, अठ्ठ्याऐंशी रुपये मिळाले. म्हटलं, भाऊ, ९२ होते.

"सतरा नंबरच्या दोन प्रती तुमच्या," म्हणाले. "त्याचे चार रुपये मी कशाला भरू, शेठ?"